खेळ चालतो, पण जबाबदार कोण? गेब न्यूवेल यांना खुले पत्र

प्रति,
श्री. गेब न्यूवेल,
व्हॉल्व कॉर्पोरेशन,
बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

न्यूवेलसाहेब,

विषय तुमच्या घरचाच आहे, तेव्हा आढेवेढे न घेता मुद्द्यावर येतो. लिनक्सवर गेम खेळणाऱ्याला तुमच्या प्रोटॉनमुळे आज जे सुख लाभले आहे, ते त्याच्या वाट्याला याआधी कधीच आले नव्हते. आणि याच माणसाकडे गेम विकत घेतल्याची पावती असूनही, तो उद्या बंद पडला तर जाब कोणाला विचारायचा हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत आणि दुसरीबद्दल तुमच्याशी भांडायचे आहे. पत्र मराठीत आहे. तुमच्या दुकानात आम्ही रुपयांत पैसे मोजतो, तेव्हा तक्रारही आमच्या भाषेत केली तर चालावे.

पोर्ट कशाशी खातात हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही मायक्रोसॉफ्टमध्ये असताना ‘डूम’ विंडोज ९५वर आणण्याच्या कामाचे नेतृत्व तुमच्याकडेच होते. गेम खेळायचा तर विंडोजमधून बाहेर पडून डॉसमध्ये जायचे, असा तो काळ. विंडोजवरही गेम नीट चालतो, हे त्या पोर्टने लोकांना दाखवून दिले. पुढे १९९६ साली तुम्ही माइक हॅरिंग्टन यांच्याबरोबर व्हॉल्व काढलीत, २००३मध्ये स्टीम हे तुमचे गेमचे ऑनलाइन दुकान आले, आणि २०१२च्या जुलैत, विंडोज ८ येऊ घातले असताना, सिॲटलच्या एका परिषदेत तुम्ही त्याला पीसीच्या जगावरचे अरिष्ट ठरवलेत. भीती उघड होती. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान विंडोजच्या आतच थाटले तर तुमच्या दुकानाचे काय? लिनक्सबद्दलचे तुमचे प्रेम या भीतीतून उपजले, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. निव्वळ हौसेवर लिनक्सचे गेमिंग उभे करू पाहणाऱ्यांचे काय झाले, ते पुढे येईलच.

पत्र खुले आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे थांबतो. गेम ‘विंडोजचा’ असतो म्हणजे नेमके काय? प्रोसेसर तर लिनक्सच्या संगणकातही तोच असतो. त्याला कळणाऱ्या सूचना त्याच. अडते ते पुढे. फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज काढ, पडद्यावर इतके त्रिकोण रंगव, अशा प्रत्येक कामासाठी गेम ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, आणि ती हाक विंडोजने ठरवलेल्या नावानेच मारलेली असते. लिनक्सवर त्या नावाला ओ देणारे कोणी नसते. नेटिव्ह पोर्ट म्हणजे निर्मात्याने स्वतः, किंवा दुसऱ्या कंपनीला पैसे देऊन, या हाका बदलून गेम लिनक्ससाठी नव्याने बांधणे. कंपॅटिबिलिटी लेअर म्हणजे गेमला हात न लावता, त्या हाकांना ओ देणारे कोणी तरी लिनक्सवर आणून बसवणे. हे दुसरे काम ‘वाइन’ नावाचा प्रकल्प १९९३पासून करतो आहे. अलेक्सांद्र ज्युलियार १९९४पासून त्याची धुरा वाहत आहेत. त्याची १.० आवृत्ती निघायला २००८ उजाडले, यावरून कामाचा आवाका कळावा. तुमचा प्रोटॉन म्हणजे हेच वाइन, अधिक ग्राफिक्सचे भाषांतर करणारे डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन, अधिक तुमच्या माणसांनी एकेका गेमसाठी केलेली डागडुजी.

कोणाच्या लिनक्स संगणकावर स्टीम असेल तर त्याने त्याचे फोल्डर एकदा उघडून पाहावे. ‘कॉम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांचे फोल्डर दिसतात, दर गेमला एक. कोणत्याही एकात शिरा. आत ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, शेजारी ‘प्रोग्रॅम फाइल्स’, आणि ‘युजर्स’मध्ये ‘स्टीमयुजर’ नावाचा एक गृहस्थ. गेमला वाटते आपण विंडोजवर आहोत आणि आपला मालक हा स्टीमयुजर आहे. पुष्कळदा आपण रात्र जागून मिळवलेले सेव्ह याच गृहस्थाच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये पडलेले असतात. प्रत्येक गेमसाठी असे वेगळे नेपथ्य. एकाची मोडतोड झाली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. मला हे फार आवडते. चाळीस वर्षांची विंडोजची सगळी लटपट एका फोल्डरात कोंबून तिच्यावर आकडा टाकून ठेवायचा, यात एक मिश्कीलपणा आहे.

आता नेटिव्ह पोर्टबद्दल. आमच्यातले काही जुने लिनक्सवाले त्या काळाबद्दल असे बोलतात, की जणू सोन्याचा धूर निघत होता. तसे काही नव्हते. कॅलिफोर्नियातल्या लोकी सॉफ्टवेअरने १९९८पासून ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’, ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ असे चांगले चांगले गेम लिनक्सवर आणले, आणि २००२च्या सुरुवातीला दुकान बंद केले. विंडोजची प्रत आधी बाजारात यायची. लिनक्सची मागाहून, तोवर ज्याला खेळायचे त्याने विंडोजचीच घेऊन गेम संपवलेलाही असायचा. लोकीने मागे ठेवलेली मोठी पुंजी म्हणजे तिथल्या सॅम लँटिंगांची एसडीएल ही लायब्ररी. आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत, आणि लँटिंगा पुढे तुमच्याकडेच आले.

दुसरी लाट तुम्ही आणलीत. २०१२च्या ऑगस्टमध्ये तुमच्या लोकांनी जाहीर केलेले आकडे मला अजून पाठ आहेत. ‘लेफ्ट ४ डेड २’ विंडोज ७वर सेकंदाला २७०.६ फ्रेम देत होता. लिनक्सवर पहिल्यांदा चालवला तेव्हा ६ मिळाल्या, आणि घासूनपुसून झाल्यावर ३१५. त्या एका आकड्याने आम्ही किती हुरळून गेलो होतो! २०१३च्या १४ फेब्रुवारीला लिनक्सचे स्टीम रीतसर आले. २०१५च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन नावाची, लिनक्सवर चालणारी खोकी बाजारात आली. त्यांच्या आशेवर लंडनची फेरल, टेक्सासची ॲस्पायर अशा कंपन्यांनी मोठे गेम लिनक्सवर आणले : ‘सिव्हिलायझेशन ५’, ‘एक्सकॉम’, ‘टूम रेडर’. फेरलचे काम तर देखणे असायचे. पण स्टीम मशीन खपली नाहीत आणि पोर्ट करणाऱ्यांचे गणित कोलमडले. अधूनमधून ‘विचर २’सारखे प्रकारही झाले. २०१४मध्ये तो लिनक्सवर आला तो मुळात एका भाषांतर करणाऱ्या थरात गुंडाळूनच. लोकांनी पैसे मोजून घेतला आणि तो असा काही रखडत चालला, की शिव्यांची लाखोली वाहिली गेली. नाव ‘लिनक्स आवृत्ती’ आणि आत कंपॅटिबिलिटी लेअर, तोही सुमार. ज्यांना नेटिव्ह म्हणजे शुद्ध आणि भाषांतर म्हणजे भेसळ असे वाटते, त्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

शिवाय पोर्ट एकदा करून भागत नाही. विंडोजची प्रत दर महिन्याला सुधारत जाते, लिनक्सची मागे राहते, आवृत्त्या जुळत नाहीत, आणि विंडोजवाल्या मित्राबरोबर ऑनलाइन खेळता येत नाही. कधी कारण अगदीच पोरकट असते. विंडोजला फाइलच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. कोणा प्रोग्रॅमरने फोल्डरचे नाव मोठ्या अक्षराने ठेवून कोडमध्ये लहान अक्षराने लिहिले असेल, तर विंडोजवर सगळे आलबेल आणि लिनक्सवर पात्राच्या अंगावरचे कपडे गायब.

आणि थोडे आमच्या लिनक्सच्या घरातलेही सांगितले पाहिजे. २०२२च्या ऑगस्टमध्ये ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीची २.३६ आवृत्ती आली. तिने लायब्ररीतली नावे शोधायला वापरायची एक जुनी सूची आपल्याकडून देणे बंद केले. नवी, अधिक वेगवान सूची कितीतरी वर्षे उपलब्ध होती, म्हणून जुनी कोणी वापरत नसेल असे धरून चालले. ऑनलाइन गेममधली फसवेगिरी रोखणारी इझी अँटी-चीट ही प्रणाली वापरत होती. एका रात्रीत गेम उघडेनासे झाले. आर्चसारख्या वितरणांनी ती सूची आपल्यापुरती परत जोडली, तुमच्या अभियंत्याने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि मग लिनक्सवाल्यांमध्ये एक कडवट विनोद रूढ झाला, की लिनक्सवर वर्षानुवर्षे न बदलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विंडोजच्या हाका. विनोद खराच होता. जुना विंडोजचा गेम प्रोटॉनवर सुखाने चालतो, आणि त्याच काळातली लिनक्सची आवृत्ती लायब्ररी सापडत नाही म्हणून रुसून बसते.

म्हणून २०१८च्या २१ ऑगस्टला तुम्ही प्रोटॉन आणलात, तेव्हा माझ्यासारख्याने हुश्श केले. सुरुवातीला यादीत फक्त २७ गेम होते. प्रोटॉनमागची गोष्ट अशी, की फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने विंडोजच्या डायरेक्ट३डी या ग्राफिक्सच्या हाका लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले, आणि तुम्ही त्याला पगार देऊन ते काम पूर्ण वेळ करायला लावलेत. असा माणूस हेरणे आणि त्याला मोकळे सोडणे, ही तुमच्या कंपनीची खरी कमाई. २०२२च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हा तुमचा हातात धरून खेळायचा, लिनक्सवर चालणारा संगणक आला. त्याच सुमारास ‘एल्डन रिंग’ विंडोजवर अडखळत होता, आणि डेकवर तुमच्या लोकांनी ती अडखळ भाषांतराच्या थरातच कमी करून दाखवली. भाषांतर मुळापेक्षा सरस ठरण्याची ही वेळ पाहून फार बरे वाटले.

इथवर सगळे आभाराचे. आता भांडणाचे.

तीन घटना शेजारी शेजारी ठेवतो. ‘रॉकेट लीग’ हा गेम २०१६मध्ये लिनक्सवर नेटिव्ह आला. २०२०च्या जानेवारीत सायोनिक्स कंपनीने जाहीर केले, की मार्चपासून मॅक आणि लिनक्सवर ऑनलाइन खेळ बंद. कारण दिले ते असे, की डायरेक्टएक्स ९ सोडून ११वर जायचे आहे आणि या दोन्ही मंचांवर मिळून सक्रिय खेळाडू ०.३ टक्क्यांहून कमी आहेत. लोक चिडले. पण कंपनीने त्यांना पैसे परत मागायची वाट खुली केली, कारण तिने ती आवृत्ती आपल्या नावाने विकली होती. दुसरी घटना तुमची स्वतःची. २०२३मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला आणि तुम्ही मॅकला रजा दिलीत. तेव्हा मुख्यतः मॅकवर खेळणाऱ्या ज्या लोकांनी नवी आवृत्ती जाहीर झाल्यानंतरच्या काळात ‘प्राइम’ हा पैसे मोजून मिळणारा दर्जा घेतला होता, त्यांना तुम्ही परतावा देऊ केलात. चोख व्यवहार. तिसरी घटना २०२४च्या ३१ ऑक्टोबरची. ‘एपेक्स लेजंड्स’ २०२२पासून स्टीम डेकवर रीतसर चालत होता. फसवेगिरी रोखणाऱ्या प्रणालीत लिनक्सची परवानगी निर्मात्यांनी स्वतःच चालू केली होती. त्या दिवशी ती काढून घेतली. कारण असे, की फसवेगिरी करणारे लिनक्सच्या आडून येतात. हे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण गेम फुकट असला तरी आतल्या वस्तूंवर दोन-अडीच वर्षे पैसे घातलेला डेकवरचा खेळाडू कोणत्या तोंडाने काय मागणार? लिनक्स आवृत्ती त्याला कोणी विकलीच नव्हती. वचनच नव्हते, मग वचनभंग कसला?

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘जीटीए ५’मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट बसवले गेले आणि डेकवर त्याचा ऑनलाइन भाग बंद झाला. बॅटलआयला प्रोटॉन चालतो, २०२१पासून चालतो. निर्मात्याने तशी इच्छा दाखवायची तेवढीच बाकी असते. ‘लीग ऑफ लेजंड्स’चे आणखी सरळ झाले. त्याने २०२४मध्ये थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा पहारेकरी आणला. वाइनमध्ये विंडोजचे कर्नल नाहीच, त्यामुळे तिथे भाषांतराला वावच उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. नेटिव्ह पोर्ट कितीही रडतखडत चालो, त्याच्यामागे कोणीतरी सही केलेली असायची. दुकानाच्या पानावर लिनक्सचे चिन्ह आणि खाली किमान किती मेमरी, कोणते ग्राफिक्स कार्ड, हे लिहिलेले असायचे. ते छापणारा बांधला जायचा. प्रोटॉनने गेम हजारोंनी आणले आणि ती सही पुसली. प्रोटॉनवर खेळणारा ग्राहक म्हणजे तोंडी बोलीवर राहणारा भाडेकरू. घर उत्तम, मालक सज्जन, भाडे वेळेवर; फक्त करार नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा हिरवा ‘व्हेरिफाइड’ शिक्का आहे ना. आहे, आणि उपयोगाचाही आहे. २०२५पासून स्टीमओएसच्या, म्हणजे डेकवरच्याच लिनक्सच्या, इतर यंत्रांसाठीही तुम्ही वेगळी खूण सुरू केलीत. पण तो शिक्का तुमचा आहे. तुम्ही तपासलेत त्या दिवशी अक्षरे वाचता येत होती, गेमपॅड चालत होता, गेम उघडत होता, इतके तो सांगतो. निर्मात्याने त्यावर काही कबूल केलेले नसते. मध्यंतरी एका गेमच्या अपडेटनंतर माझ्याकडे नुसता काळा पडदा येऊ लागला. शिक्का हिरवाच होता. स्टुडिओचे नाव घेत नाही, पण त्यांना लॉगसकट पत्र लिहिले, तर विनम्र उत्तर आले : आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही, कृपया विंडोजवर खेळून पाहा. त्यांच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काय? त्यांनी विंडोजचा गेम विकला होता. पुढच्या प्रोटॉनमध्ये तुमच्याच कोणीतरी ते दुरुस्त केले. म्हणजे माल त्यांचा, बिघाड त्यांच्या अपडेटचा, आणि निस्तरायचे तुमच्या पगारावरच्या माणसाने. असे किती दिवस चालेल?

‘किती दिवस’ हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. १९९२मध्ये आयबीएमने ओएस/२ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची २.० आवृत्ती काढली. तिच्यावर विंडोजचे प्रोग्रॅम चालायचे, आणि ही तिची बढाई होती. मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी सरळ हिशेब केला, की विंडोजसाठी लिहिले तर दोन्हीकडे चालते, ओएस/२साठी वेगळे कष्ट कशाला? लिनक्सचे तसे होणार नाही, हे मला कळते. त्याचा जीव सर्व्हरपासून फोनपर्यंत शंभर ठिकाणी आहे. शिवाय एपीआयची, म्हणजे अशा हाकांच्या कोशाची, पुनर्रचना करणाऱ्यांना, २०२१च्या एप्रिलमध्ये तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगल-ओरॅकल खटल्यात दिलेल्या निकालाने थोडा धीर आला आहे. पण गेमपुरते बोलायचे तर नियम मायक्रोसॉफ्ट ठरवते आणि आपण मागोमाग भाषांतर करत धावतो, ही स्थिती प्रोटॉनने पक्की केली आहे. धावण्याचा खर्च एक खासगी कंपनी करते. कोड मुक्त आहे, तो कोणी हिरावून नेऊ शकत नाही, हे कबूल. पण दर आठवड्याला नव्या गेमच्या मागे बसून तो नीट चालवणे हे काम परवान्याने होत नाही, पगाराने होते. तुमच्यानंतर कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती जातील, त्यांना स्टीमओएस तोट्याचे वाटले तर?

मी प्रत्येक गेमचा नेटिव्ह पोर्ट मागत नाही. तसे मागणारे लोक आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालून दमलो आहे. दहा वर्षांपूर्वीचा, निर्माता कंपनी बुडालेला विंडोजचा गेम कोण पोर्ट करणार? तिथे प्रोटॉनच देव. पण जिथे निर्माता हयात आहे, गेम अजून विकतो आहे, तिथे नेटिव्हने काय साधते ते पाहावे. प्रागच्या वूब कंपनीचा ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाना उभारायचा गेम घ्या. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची जुळी प्रत क्षणात काढता येते. त्याचा फायदा घेऊन तशी सेटिंग चालू केली तर हा गेम लिनक्सवर सेव्ह करताना थांबतच नाही : जुळी प्रत मागे बसून फाइल लिहिते आणि तुमचे पट्टे, यंत्रे, किडे पुढे चालू राहतात. मोठा कारखाना सेव्ह करताना विंडोजवर खेळ गोठून बसतो, इथे कळतही नाही. असली सोय भाषांतरातून येत नाही, कारण मुळात ती हाकच विंडोजच्या कोशात नाही. आणि २०२५च्या सप्टेंबरात लॅरियनने ‘बाल्डर्स गेट ३’ची डेकसाठी नेटिव्ह आवृत्ती काढली. सुरुवात त्यांच्या एका अभियंत्याने कामाच्या वेळेनंतर, हौसेने केली होती म्हणे. प्रोसेसर आणि मेमरीवरचा भार हलका झाला. मात्र कंपनीने स्पष्ट बजावले, की आमचा आधार फक्त स्टीम डेकला, लिनक्सला सरसकट नाही. काहींना हा कद्रूपणा वाटला. मला उलट बरे वाटले. सही लहान आहे, पण आहे.

आता मागणे. स्टीमच्या विक्रीच्या पानावर निर्मात्यासाठी एक प्रश्न वाढवा : स्टीमओएसवर किंवा लिनक्सवर, नेटिव्ह असो वा प्रोटॉनमधून, हा गेम चालण्याची जबाबदारी तुम्ही घेता का? उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल. गेम विका, शिक्काही ठेवा. पण ‘हो’ असेल तर ते निर्मात्याच्या नावाने, हिरव्या शिक्क्यापासून वेगळे दिसू द्या, आणि पुढे त्याने ती जबाबदारी मुद्दाम झटकली, म्हणजे अँटी-चीटमधली परवानगी काढून घेतली किंवा लिनक्स आवृत्ती बंद केली, तर लिनक्सवर खेळत आलेल्यांना चौदा दिवस आणि दोन तासांची अट न लावता परतावा द्या. कोण कशावर किती खेळले याच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या वेळी तुम्ही मॅकवाल्यांना त्यांवरूनच ओळखलेत. २०२४च्या ऑक्टोबरपासून कर्नलमध्ये बसणारे अँटी-चीट वापरत असाल तर तसे पानावर लिहा, अशी सक्ती तुम्ही निर्मात्यांवर केली आहेच. ती पाळली जाते. हीही पाळली जाईल, कारण तुमच्या दुकानाबाहेर राहणे फारच थोड्यांना परवडते. बळजबरीचा हा एकच प्रकार आहे, जो तुमच्या हातून झालेला मला आवडेल.

जुन्या नेटिव्ह आवृत्त्यांबद्दल थोडे. काही गेमची लिनक्स आवृत्ती असूनही डेकवर तुम्ही प्रोटॉनमधून विंडोजची प्रत चालवता, कारण ती अधिक बरी चालते. निर्णय बहुतेकदा बरोबरच असतो. पण खेळणाऱ्याला तो सहज कळत नाही, आणि सेव्ह वेगळ्या जागी पडल्यामुळे कधी कधी आधीचा सगळा खेळ नाहीसा झाल्यासारखा दिसतो. एक ओळीची सूचना द्या. आणि स्काउट, सोल्जर, स्नायपर या नावांनी तुम्ही जे स्थिर लायब्ररींचे संच सांभाळता, त्यांची हेळसांड होऊ देऊ नका. फेरलने केलेल्या पोर्टना त्यांचाच आधार आहे.

आमच्या बाजूची एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. स्टीम डेक आमच्याकडे अधिकृतपणे विकायला आलेलाच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी परदेशातून येणाऱ्या भावाकरवी मागवला, नाही तर आयात करणाऱ्या दुकानदाराला जादा पैसे मोजले. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना घरात घेत नाही. आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याकडे अशी यंत्रे येतात. चांगला आय५ प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, चार-पाच वर्षांचे ग्राफिक्स कार्ड, आणि सोबत अकरावीतला मुलगा. दुरुस्तीवाला लिनक्स टाकून देतो, वर स्टीम. मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘काका, माझे गेम चालतील ना?’ दुरुस्तीवाला प्रामाणिक आहे. तो म्हणतो, आज चालतील, उद्याचे मी सांगत नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात तुम्ही नव्या स्टीम मशीनची घोषणा केलीत. पहिल्या खेपेला गेम नव्हते म्हणून ती खोकी पडून राहिली. या खेपेला गेम भरपूर आहेत. विंडोज कधी पाहिलेच नाही असे लोक ती घेतील, आणि त्यांना कॉम्पॅटडेटा, वाइन, पोर्ट यातले काही ठाऊक नसेल. गेम बंद पडला की ते निर्मात्याला लिहितील आणि त्यांना मला आले तेच उत्तर येईल. मग ते तुमच्याकडे येतील, लाखांनी. निर्मात्यांना तो प्रश्न विचारायला त्याआधीची वेळ सोयीची आहे.

कळावे,
आपला,
लिनक्सवर खेळणारा एक ग्राहक